आई-आजींच्या आठवणींच्या संग्रहासाठी सभासद व वाचकांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या माजी ग्रंथपालांच्या मातोश्री, ज्यांना आपण सगळेच वयाचा आणि नात्याचा हिशेब न करता 'आई' म्हणत आलो, त्यांच्या शोकसभेला आपल्यापैकी बहुतेक जण उपस्थित होते. त्या सभेत अकरा जण बोलले आणि अकराही जणांनी त्या प्रेमळ, कष्टाळू व मनमिळाऊ होत्या असे सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु सभा संपत आली असताना त्यांची धाकटी नात उभी राहिली आणि आजीचे माहेरचे नाव काय होते, ती कितवीपर्यंत शिकली आणि तिची शाळा का सुटली, असे तिने विचारले. तेव्हा दोन मुलांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली आणि तिसऱ्यांनी मान खाली घातली. त्या रात्री सतरंज्या गुंडाळता गुंडाळता कार्यकारिणीतील आम्हा चौघांचे जे बोलणे झाले, त्यातून आपल्या आई-आजींच्या आठवणींचा हा संग्रह सुरू झाला, हे अनेकांना ठाऊक आहेच.

संग्रहाची पहिली भर आपल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी घातली, आणि त्यांचे ऋण येथे सविस्तर नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो. त्यांनी आपल्या आईची हिशेबाची वही आणून दिली. वहीच्या पुढच्या बाजूला घरखर्च आहे. मात्र वही उलटी करून मागच्या बाजूने उघडली की नातवंडांची नोंद लागते. प्रत्येकाची जन्मवेळ, जन्माच्या वेळचे वजन, पहिला दात कधी आला, कोण कोणत्या महिन्यात उभे राहिले, असे सारे बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेले आहे. एका नावापुढे मात्र दोनच तारखा आहेत आणि त्यांच्यामध्ये चार दिवसांचे अंतर आहे. या बाळाविषयी घरात कधी कोणी बोलले नव्हते. बाईंना स्वतःला ते वयाच्या सत्तरीत, आपल्या आईच्या अक्षरातून कळले. अशी वही घराबाहेर देण्यास किती मोठे मन लागते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे नाव घ्यायचे ते रेडिओदुरुस्तीत सारी हयात घालवलेल्या आपल्या आजीव सभासदांचे. त्यांनी स्वतःचा कॅसेट प्लेयर संग्रहासाठी वापरायला दिला. एवढेच नव्हे, तर ज्या कॅसेटींमधील फीत दाबून धरणारी स्पंजची गादी गळून पडली होती, त्या उघडून, गादी बदलून, फीत बोटानेसुद्धा न दुखावता त्यांनी वाजत्या केल्या. एका कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ग्रंथपालांच्या मातोश्रींचा आवाज सापडला, तोही त्यांच्यामुळेच. "बंद कर रे ते, माझं काय ऐकायचंय," एवढेच त्या म्हणतात आणि पुढे हसतात. त्यांच्या आवाजाचा आज उपलब्ध असलेला तेवढाच तुकडा आहे आणि त्यांची नात तो ऐकायला आजवर तीनदा आली आहे. शब्दांकन करणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींचेही कौतुक करावे तेवढे थोडे आहे. एका तासाच्या मुलाखतीला सहा-सहा संध्याकाळ बसून त्यांनी आजीबाईंचे "हं", "जाऊ दे ते" आणि मधले थांबणेसुद्धा गाळले नाही.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी याच कामासाठी लावलेली सूचना फलकावर दोन महिने होती. तिच्या प्रतिसादादाखल फलकाखाली कोणीतरी विसरून गेलेली एक छत्री एवढीच काय ती जमा झाली. सभागृहातील पंख्याच्या पात्यांवर वडिलांचे नाव घालायला देणगीदार मिळतात, त्यांच्याविषयी आदर आहेच. परंतु आईचा आवाज जतन करायला कोणी पुढे येत नाही, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी "आमची आई साधी गृहिणी होती, तिच्यात नोंद करण्यासारखे काय होते?" असे विचारले. त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, ते येथे देतो. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडून निघालेल्या ओळी घरच्यांनी उतरवून ठेवल्या नसत्या, १९५१ मध्ये त्यांच्या निधनानंतर पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या नसत्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने निघाल्या नसत्या, तर त्यांनाही कोणी साधी गृहिणी म्हणूनच विसरून गेले असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या सांगणाऱ्याही कुणाच्या आई आणि आज्याच होत्या. मुंबईत १९८८ पासून 'स्पॅरो' ही संस्था स्त्रियांच्या जीवनकथा आवाज आणि चित्रांच्या रूपाने जपत आली आहे. आपले काम त्यामानाने अगदीच लहान आहे, पण आपल्या घरातल्या बाईची नोंद आपण केली नाही तर ती अन्य कोणी येऊन करणार नाही.

घाई करण्याचे कारण भावनेपुरते नाही. कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आली आणि आपल्या घरांतल्या कॅसेटी आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. चुंबकीय कणांचा लेप ज्या द्रव्याने फितीवर बसवलेला असतो, ते हवेतला ओलावा शोषून सैल पडते आणि मग वाजवताना आवाजासकट लेपच खरवडून निघतो. म्हणून जुनी कॅसेट घरी "चालते का पाहू" म्हणून वाजवून पाहू नये, ती तशीच आणून द्यावी. चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रांना मागचा गोंद डागाळतो; तरीही ती ओढून काढू नयेत. काचेला चिकटलेल्या छायाचित्राची प्रत काचेवरूनच घेता येते. लॅमिनेशन तर कोणी करूच नये. छायाचित्रामागे बॉलपेनने नव्हे, तर मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. हे शेवटचे काम आज रात्रीच करण्याजोगे आहे, कारण मागच्या रांगेतली ती मुलगी कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा एकच उरलेली असते आणि ती नव्वदीच्या पुढे असते.

ज्यांच्या आई-आजी अलीकडेच गेल्या, त्यांच्याजवळ कॅसेट नसेल, पण फोनवर व्हॉट्सॲपवरचे त्यांचे आवाजी निरोप असतील. फोन बदलताना ते नाहीसे झाल्याची तीन उदाहरणे आमच्याच सभासदांची आहेत. फोन घेऊन या. दहा मिनिटांत ते काढून दोन ठिकाणी ठेवून देऊ. आणि ज्यांच्या आई-आजी सुदैवाने आपल्यात आहेत, त्यांनी त्यांना एकदा संग्रहासाठी बोलते करावे. "तुझ्या आयुष्याविषयी सांग" म्हटले की त्या "काय सांगू, गेले दिवस" म्हणून उठतात. लहानपणी झोपायची जागा कुठली होती, पहिल्यांदा स्वतःचे असे काय मिळाले, कोणाची भीती वाटायची, असे विचारले की घड्याळाकडे लक्ष राहत नाही. त्यांची संमती आधी घ्यावीच लागते, आणि एखादा भाग काही वर्षे बंद ठेवावा असे कुटुंबाने लेखी कळवल्यास तो बंदच राहील.

कामासाठी लागणारे असे: ध्वनिमुद्रण २४ बिटच्या, न दाबलेल्या (म्हणजे आवाजातले काहीही न गाळलेल्या) स्वरूपात आणि छायाचित्रे किमान ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) जतन करायची असल्याने दोन मोठ्या हार्ड डिस्क (एक वाचनालयात, दुसरी अन्य ठिकाणी), एक चांगला स्कॅनर, आम्लविरहित कागदाची पाकिटे व खोकी, आठवड्यातून दोन संध्याकाळ देणारे पाच-सहा स्वयंसेवक, आणि अर्थातच निधी. देणगी रोख वा धनादेशाने, वाचनालयाच्या वेळेत, ग्रंथपालांच्या टेबलाशी स्वीकारली जाईल, पावती लगेच मिळेल व रक्कम कितीही लहान असली तरी चालेल. मूळ वस्तू नोंद करून, पोच देऊन घेतल्या जातील आणि प्रत काढून होताच परत केल्या जातील. छायाचित्रे फोनवरून पाठवू नयेत, कारण तशी पाठवली की ती बारीक होतात. येत्या महिनाअखेरपर्यंत आल्यास कॅसेट प्लेयर हाताशी आहे, नंतर तो मालकांना परत द्यायचा आहे.

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. : छत्री अजून कार्यालयातच आहे. तसेच निळ्या झाकणाची, नाव नसलेली एक कॅसेट कोणीतरी परतीच्या पुस्तकांत ठेवून गेले आहे. तिच्यात एक वयस्कर बाई कोणाला तरी "तुझं आटपलं की ये, मी जागीच आहे" असे सांगत आहेत. हा आवाज कोणाच्या घरचा आहे, हे ओळखण्यासाठी कृपया एकदा येऊन ऐकून जावे.