ती पोरं पगारी नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशात दारोदार फिरून धर्म सांगणाऱ्या मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, गोऱ्या पोरांबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या सदरात एका वाचकाचं पत्र आलं. ती 'पगारी' असतात, त्यांना दार उघडूच नये, असा त्याचा सूर. राग कुठून आला ते मला कळतं. पण 'पगारी' हा शब्द चूक आहे, आणि चूक दिसली की लाल पेन काढायची माझी खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

माझी लेक इंग्लंडात प्रेस्टनला नर्स आहे. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं नवरा-बायको पाच महिने तिथं होतो. लँकेशायरच्या कापडगिरण्या मी आयुष्यभर इतिहासाच्या तासाला शिकवल्या. तिथं गेलो तर एका जुन्या गिरणीत लोकांचे फ्लॅट, आणि बाहेर पाऊस. आमच्याकडं दोन वर्षांत पडेल तेवढा त्यांच्याकडं एका हंगामात पडत असावा, असं वाटायचं.

अशाच एका पावसात बेल वाजली. लेक आतून ओरडली, "बाबा, दार उघडू नका." मी उघडलं. ज्यानं १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणना केल्या, पल्स पोलिओला बर्फाचा डबा घेऊन वस्त्या पालथ्या घातल्या, त्याला बाहेर उभं राहणं म्हणजे काय ते माहीत असतं. धारूर तालुक्यात एका वाड्यावर माझ्यावर कुत्रं सोडलं होतं. दुसरीकडं एका म्हातारीनं सगळी माहिती सांगून झाल्यावर विचारलं, "मंग रेशन कधी देता, मास्तर?" आता पुन्हा जनगणना येऊ घातली आहे, म्हणजे पुन्हा मास्तर-मास्तरणी उन्हात. असो.

दारात दोन पोरं. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी. दोघांच्याही पट्टीवर नावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. वय एकोणीस! एक अमेरिकेतल्या आयडाहोचा, दुसरा टोंगा बेटांवरचा. मॉर्मन पंथाची ही पोरं अठरा पुरी झाली की दोन वर्षं घर सोडतात. पोरीही जातात, दीड वर्षासाठी. कुठं जायचं ते आपण ठरवायचं नाही. बोलावणं येतं, त्यात मुलूख ठरलेला असतो.

आता पगाराचं. आयडाहोचा पोरगा म्हणाला, घरून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. २०२० पूर्वी ४०० होते. अमेरिकेतल्या पोराला महागड्या मुलखात पाठवा नाही तर स्वस्त, आकडा तोच. त्यानं तो पैसा बटाटे काढून जमवला होता. त्यांच्या भागात बटाटे काढणीला शाळेला चक्क सुट्टी असते, हे ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत बसायचो. आमच्याकडं शाळा चालू राहते आणि पोरं जातात. दोन्हींत शहाणी पद्धत कुठली, ते शिक्षण खात्यानं सांगावं. पण आमचा मजूर उचल घेऊन निघतो, हा पोरगा पदरचे भरून निघाला होता. पगारी कसा म्हणायचा?

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं. यांचंही तसंच. एकट्यानं कुठं जायचं नाही, जोडीदार कायम नजरेसमोर हवा. आणि ही जोडी आपण निवडायची नाही. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात, कधी जोडीदार बदलतो, कधी गाव. बदल्यांच्या बाबतीत जिल्हा परिषद बरी म्हणायची पाळी आली.

आठवडा कसा जातो, तेही आयडाहोच्या पोरानं सांगितलं. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग पोथी. दिवसभर रस्ते, दारं, कुणाच्या बागेतलं गवत काढून दे, कुणाचं सामान वर चढव. रात्री नवाच्या सुमारास खोलीवर, साडेदहाला दिवा बंद. रविवारी प्रार्थना. सोमवार हा त्यांचा बाजाराचा वार समजा. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, आणि घरी फोन. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला मिळायला लागला. मी विचारलं, "किती लोक हो म्हणतात?" टोंगाचा पोरगा हसला आणि बुटांकडं बोट दाखवलं. तळ झिजून कडेला फाटला होता.

खरी अडचण चहाची झाली. हिनं आलं घालून चहा ठेवला आणि दोघंही "नको" म्हणाले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य, १८३३ पासूनची शिकवण. आमच्याकडं चहाला नको म्हणणारा पाहुणा म्हणजे भावकीतलं भांडण घेऊन आलेला. हिचं तोंड उतरलं. शेवटी अंबाजोगाईहून नेलेला वाळका गवती चहा, सुंठ आणि गूळ उकळून दिला. त्यात चहाची पानं नाहीत, हे लेकीला तीनदा समजावून सांगावं लागलं. मग दोघांनी दोन-दोन कप घेतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळा जेवत नाहीत आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, असं कळलं. आमची ही महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरणारी. हिनं विचारलं, "काहीच खात नाहीत? भगरसुद्धा?" काहीच नाही म्हटल्यावर हिनं विषय बदलला.

एकदा मी घरात नव्हतो, लेकही दवाखान्यात गेली होती. पोरं पावसात पायरीवर उभी राहिली पण आत आली नाहीत. एकट्या बाईच्या घरात जायचं नाही, असा नियम. हिनं छत्री दिली. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी वाळवून परत आणली.

त्यांचं मला पटलं नाही, हे इथं लिहिलंच पाहिजे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती तिथंच राहणार, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या पोरानं दुसऱ्याच्या आजोबाला मोक्ष समजावून सांगावा, हेही मला जरा जडच गेलं. पुढं वाचनात आलं की या पंथात काळ्या पुरुषांना पुरोहितपद १९७८ पर्यंत बंद होतं. ते मी विचारलं. आयडाहोच्या पोराचे कान लाल झाले, "ते बरोबर नव्हतं" एवढंच म्हणाला. मी आणखी ताणणार होतो, पण साल माझ्याच डोक्यात वाजलं. १९७८ च्या जूनमध्ये त्यांनी ती बंदी उठवली आणि त्याच जुलैत आमच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला. त्यानंतर मराठवाड्यात काय जळलं ते मी नववीत असताना पाहिलंय. नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडला. मी गप्प बसलो आणि भाकरी वाढली.

प्रेस्टनमध्ये रिबल नावाची नदी आहे. ३० जुलै १८३७ ला या पंथानं ब्रिटनमध्ये पहिल्या नऊ लोकांना दीक्षा दिली ती याच नदीत. नदीकाठच्या बागेत आम्ही नातवाची गाडी ढकलत जायचो. एका सोमवारी ही जोडी तिथं बाकावर दिसली, टाय नाही, साधे कपडे. आयडाहोचा पोरगा आईशी फोनवर बोलत होता, तिकडं सकाळचे आठ वाजले होते. त्यानं फोन आमच्याकडं वळवला. हिला इंग्रजी येत नाही. हिनं फोन हातात घेतला आणि सरळ म्हणाली, "लेकरू नीट जेवतंय बरं का, काळजी करू नका. वाळलंय थोडं." पलीकडून ती बाई काहीतरी लांबलचक बोलली, हिनं मान डोलावली. मी इंग्रजी जुळवत होतो, तोवर दोघींचं बोलून झालं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याची बदली झाली. नव्या जोडीदारानं गवती चहालाही नको म्हटलं.

'पगारी' या शब्दाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)