बाबा, कुदळ जरा बाजूला ठेवा

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

परसातली अख्खी जागा खणून काढायची आणि रासायनिक खत-औषधांशिवाय भाजी पिकवायची, हा बाबांचा बेत फोनवर ऐकला. बेत झकास आहे. पण अख्खी जागा नको आणि खणणंही नको. फोनवर बाबा अर्ध्यात तोडतात आणि आई मध्येच तिसरा विषय काढते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे.

बाबा, पहिल्या वर्षी एकच वाफा करा. आठ फूट लांब, चार फूट रुंद. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचायला हवा, म्हणून रुंदी त्याहून जास्त नको. एका बाजूने भिंत असेल तर दोनच फूट. उंची मात्र जमिनीपासून दोन ते अडीच फूट ठेवा. आईचे गुडघे आणि तुमची कंबर बघता वाकून निंदणं दोघांनाही झेपणार नाही. काठावर बसून होईल. कठडा गवंड्याकडून नीट बांधून घ्या, नुसत्या रचलेल्या विटा ओल्या मातीच्या भाराने फुगून बाहेर येतात. तळाशी पाणी निघायला भोकं ठेवायला सांगा. एवढी उंची नुसत्या मातीने भरायची गरज नाही. खाली वाळक्या फांद्या, काटक्या, पाला दाबून भरा आणि वरचा फूटभर थर चांगल्या मातीचा व कंपोस्टचा, म्हणजे कुजवलेल्या कचऱ्याच्या खताचा. खालचं कुजत जाईल तसा वाफा खचेल, तेव्हा वरून भर घालायची.

जागा ठरवण्याआधी एक दिवस कागद घेऊन बसा. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच वाजता ऊन कुठवर आहे ते आखून ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवरही भागवतात. ऋतू बदलला की सावली सरकते, हेही धरून चाला. घराच्या जुन्या भिंतीला लागून मात्र जमिनीत काही लावू नका. पूर्वीच्या तैलरंगांत शिसं असायचं आणि अशा रंगाचे पोपडे वर्षानुवर्षं भिंतीखालच्या मातीत पडत राहतात. शिसं कुजत नाही, विरत नाही. सेंद्रिय म्हणून पिकवायचं आणि त्यात ते यायचं, याला काय अर्थ?

आता कुदळीबद्दल. खोल खणलं की बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात आणि खाली निपचित पडलेलं तणांचं बी उजेडात येऊन उगवतं. पुढे कधी वाफ्याबाहेर लावायचं झालं तर गवतावर साधा, बिनचकचकीत पुठ्ठा अंथरा, तो भिजवा आणि वर कंपोस्टचा चार-सहा इंचांचा थर द्या. खालचं गवत अंधारात मरतं आणि पुठ्ठाही कुजून जातो. तुमची माती कशी आहे ते मात्र आत्ताच बघून ठेवा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, वर पाणी भरा, खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा म्हणजे बारीक गाळ काही तासांत, चिकणमातीला मात्र दिवस-दोन दिवसही लागतात. थर किती जाड ते डोळ्यांनाच दिसतं. गंमत म्हणजे रेताड असो की चिकण, उपाय एकच: कंपोस्ट. रेताडीत ते पाणी धरून ठेवतं, चिकणीत वाट करून देतं.

म्हणून आई, खरं मुख्य खातं तुझ्याकडे आहे. रोपं आणायची घाई करू नका, आधी कंपोस्ट लावा. ओला कचरा म्हणजे भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा यात नत्र जास्त; वाळका पाला, पुठ्ठ्याचे तुकडे यात कर्ब जास्त. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग, हे कुजवणाऱ्या जिवाणूंना मानवतं. तुला एवढा हिशोब नको. एक टोपली ओल्याला दोन-तीन टोपल्या वाळकं, बस्स. मूठभर घेऊन घट्ट दाबलंस की बोटांच्या फटीत थेंब-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर वाळकं घाल, काहीच आलं नाही तर पाणी शिंपड. घाण वास आला तर समज की आत हवा नाही: उलथून पाला मिसळ. तेलकट, दुधाचं, मांस-मासे टाकू नकोस, उंदीर येतात. ढीग साधारण एक मीटर लांब-रुंद-उंच झाला की आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणांचं बरंचसं बी आणि रोगजंतू मरतात. छोट्या पिंपात इतकी ऊब धरत नाही, खत होतं पण सावकाश.

बाबांना इतिहास आवडतो म्हणून सांगते: ओलं-वाळकं थरांनी रचून ठराविक दिवसांनी उलथायची पद्धत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी इंदूरला, १९२४ ते १९३१ या काळात, बसवली. ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

शेण मिळालं तरी ताजं वाफ्यात घालू नका. ते मुळं जाळतं, शिवाय त्यात पोट बिघडवणारे जंतू असतात. सेंद्रिय शेतीच्या अमेरिकी नियमांत कच्चं शेणखत घातल्यापासून मातीला लागणारी भाजी काढेपर्यंत १२० दिवस आणि न लागणारी काढेपर्यंत ९० दिवस जावे लागतात. मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. दहा वर्षांत लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, दोघांनीही. हातमोजे घाला. बाबा, कंटाळा करू नका.

लावायचं काय? तुम्ही दोघं आवडीने खाता तेच, आणि थोडं. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पुरायचं. वरून वाळक्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन, पण खोडाला न टेकवता. पाणी सकाळी, आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. एका कोपऱ्यात चवळी किंवा घेवडा लावाच. फुलावर आला की एक झाड हलकेच उपटून बघा: मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर आतले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देताहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम बंद आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली, म्हणून दरवर्षी त्याच जागी लावू नका.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, येणारच. पानं उलटून बघा. त्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर चिरडू नका. ती ढालकिड्याची अळी, माव्यावरच जगते. माव्यावर आधी नुसती पाण्याची जोरकस धार मारा. नाहीच हटला तर कडुलिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात पाच मिली आणि साबणाचे काही थेंब, तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. तंबाखूचा काढा फवारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वनस्पतीतलं असलं तरी निकोटीन जालीम विष आहे, कातडीतूनही अंगात भिनतं.

पहिल्या हंगामात भाजी कमीच येईल, आत्ताच सांगून ठेवते. कंपोस्टमधला नत्र जिवाणू सावकाश मोकळा करतात, युरियासारखा आठवड्यात रंग पालटत नाही. बाबा, तेव्हा धीर सोडून चिमूटभर युरिया टाकायचा नाही. आई, लक्ष ठेव.

ऊन-सावलीच्या कागदाचा आणि बरणीचा फोटो पाठवा. त्यावरून वाफा कुठे घ्यायचा ते ठरवू, मगच गवंड्याला बोलवा.

तुमची,
लेक