शनिवारच्या कॅम्पची सूचना

मंडळी, शनिवारी दुपारी ३ वाजता ठाणे स्टेशनला पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी भेटूया; कर्जत लोकल पकडायची आहे. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे चूल पेटवता येत नाही, म्हणून ओळखीच्या शेतकरीदादांचं शेत ठरवलंय.

रात्री मुगाची खिचडी. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या, काजळी सहज निघते. कांदे-बटाटे जाळावर नकोत, करपतात आणि आतून कच्चे राहतात. लाल निखारे झाले की त्यांत पुरा. पाऊण तासाने साल सुरकुतते, सुरी अलगद आत जाते. ओढ्यातले ओले दगड चुलीला अजिबात लावू नका, तापून फुटू शकतात. निघताना राखेवर पाणी ओतून ढवळायचं, पूर्ण थंड होईपर्यंत कोणीही हलायचं नाही.

टॉर्च, ताट-वाटी आपापली.