भरताचं वांगं जांभळं नसतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मिकू या जपानी पात्राला खान्देशी रूप देऊन वाचकांनी काढलेल्या ‘खान्देशी मिकू’च्या चित्रांचं पान पाहिलं. मुलांचा हात चांगला आहे. पण बहुतेकांनी नऊवारी, नथ आणि चंद्रकोरीवर भागवलंय. अशी मिकू पुण्याची म्हणूनही खपेल आणि कोल्हापूरची म्हणूनही.

हात्सुने मिकू म्हणजे साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीनं ऑगस्ट २००७ मध्ये आणलेल्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरचा चेहरा. केई या चित्रकारानं तो काढला, आणि तिच्या वेशाचे रंग यामाहाच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरवरून घेतलेले आहेत. शोभेसाठी म्हणून तिथं फारसं काही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलच्या वेशातली मिकू गाजली आणि देशोदेशीचे चाहते आपापली मिकू काढू लागले. त्यांतली जमलेली चित्रं पाहा. मूळ खूण उचलून तिच्या जागी तेच काम करणारी आपल्याकडची खूण ठेवलेली दिसते.

तिच्या डाव्या दंडावर लाल ०१ असतं. आपल्याकडे दंडावर काय असतं? गोंदण. म्हणजे देवनागरी ‘०१’, भोवती चार-पाच ठिपके, आणि रंग लाल नाही, हिरवट निळा. कातडीचा रंग पूर्ण वाळल्यावर तो पातळ करून लावावा आणि कडा ओल्या ब्रशनं किंचित विरघळू द्याव्यात. जुनं गोंदण कातडीच्या आत पसरलेलं असतं. काळ्या पेनानं रेखलं की ते स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं.

तिच्या हातातली नेगी ही जपानी कांद्याची पात. ती मूळ चित्रात नव्हतीच, २००७ मधल्या एका चाहत्याच्या व्हिडिओतून आली आणि कायमची चिकटली. खान्देशी चित्रकाराला याहून सोपं काय हवं? भरितात पडणारी आपली कांद्याची पात तिच्या हातात द्यायची. फक्त नेगीसारखा लांब पांढरा दांडा काढू नये, खाली लहानसा कांदा दाखवावा. पात पोकळ असते, त्यामुळे ती गवतासारखी कमानीत वाकत नाही, एका जागी मोडते. तो मोड दाखवला की पात ओळखू येते.

पात आली म्हणजे वांगं आलंच, आणि इथं तीन चित्रं घसरली आहेत. जळगावचं भरताचं वांगं जांभळं नसतं. ते हिरवट, पांढरट रेघांचं असतं. आता केस निळसर हिरवे, वांगं हिरवं, पात हिरवी, मग सगळं एकात एक मिसळणार. डोळे किलकिले करून चित्र पाहावं. वांगं सर्वांत उजळ आणि पिवळ्याकडे झुकलेलं, पात सर्वांत गडद, केस मधल्या छटेचे ठेवले तर तिन्ही सुटे दिसतात. केसांच्या गुलाबी बंधनांच्या जागी एकीनं कपाशीचं फूल काढलंय, कल्पना उत्तम, पण ते पांढरं रंगवलंय. पांढरंशुभ्र असतं ते फुटलेलं बोंड. फूल पहिल्या दिवशी पांढरट ते फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. इथं दुसऱ्या दिवसाचं फूल हवं, म्हणजे मूळचा गुलाबीही राहतो.

मागे पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ आणि बाजूला बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं दाखवणाऱ्या चित्राला माझं पहिलं बक्षीस. नारिंगी जाळ निळसर हिरव्या केसांच्या जवळपास विरुद्ध रंगाचा, त्यामुळे चेहरा उठून येतो. चूक एकच. जाळ जमिनीवर असूनही केसांवरची चमक डोक्याच्या माथ्यावर आहे. उजेड खालून येतो तेव्हा हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि केसांच्या टोकांना तो लागतो, माथा अंधारात राहतो.

केसांचा रंग बऱ्याच जणांचा मळलाय, कारण अल्ट्रामरिन या गडद निळ्यामध्ये पिवळा मिसळलाय. अल्ट्रामरिनमध्ये लालाची झाक असते, पिवळा पडला की ती शेवाळी होते. व्हिरिडियन हिरव्यामध्ये थोडा सेरुलियन निळा आणि पांढरा घ्यावा. स्क्रीनवर काढणाऱ्यांचा तो लखलखीत रंग वर्तमानपत्राच्या कागदावर तसा उतरत नाही. कागद करडा असतो आणि शाई पसरते. छपाईच्या चार शायांपैकी सायन (आकाशी निळा) ७० टक्के, पिवळा ३० च्या आसपास, मॅजेंटा (किरमिजी) आणि काळा शून्य ठेवून पाहावं. केसांमधल्या बारीक पांढऱ्या रेघा चित्रातच जाड कराव्यात, नाहीतर शाईत बुजतात.

आता आपल्याकडे एक मागणी. चित्राखाली मुलाचं नाव आणि गाव छापलंत, पण पात्र कुणाचं ते कुठंच नाही. चाहत्यांनी हौसेनं, पैसे न कमावता चित्रं काढायला कंपनीची हरकत नसते. तीच चित्रं टी-शर्टवर छापून विकायची तर परवानगीचा प्रश्न येतो. पुढच्या पानावर प्रत्येक चित्राखाली ‘मूळ पात्र : हात्सुने मिकू, क्रिप्टन फ्यूचर मीडिया’ एवढी ओळ टाकावी, आणि जागा उरली तर कोणती खूण का निवडली हे मुलांकडूनच दोन वाक्यांत लिहून घ्यावं.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, यावल