गोठा उतरवताना

कोल्हापूर

प्रिय गड्या,

वळवानं गोठ्याच्या छपराचा पश्चिमेचा पाखा खाली आणला, हे कळलं. जेसीबी बोलावू नकोस. तासाभरात जागा मोकळी होईल खरी, पण सागवानी तुळया जळणाच्या भावानं जातील.

आधी मीटरजवळचा मेन स्विच पाड, ओल्या भिंतीत करंट उतरतो. पंचनामा व्हायचा असेल तर काही हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेव. कललेल्या खांबांना टेकू दे, टेकूखाली फळी टाक. नाहीतर ओल्या मातीत तो रुततो.

कौलं आढ्याकडून खाली काढायची. तीन-चार ओळी इकडच्या, मग तेवढ्याच तिकडच्या. एकच पाखा मोकळा केलास, तर भरल्या बाजूच्या वजनानं सांगाडा कलतो. प्रत्येक कौल बोटानं वाजव: खणखणलं तर ठेव, बद्द वाजलं तर चिरलंय. ठेवताना उभी टेकवून ठेव, आडवी रचू नकोस.

गंजलेला खिळा ओढण्याआधी हातोडीनं किंचित आत ठोक. गंजाची पकड सुटते, मग पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवून उपट. पडलेले खिळे मात्र एकूण एक वेच. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या अंगणात फिरव. वैरणीतून खिळा म्हशीच्या पोटात गेला, तर तो टोचत टोचत काळजापर्यंत पोचतो. हे काम गड्यावर सोडू नकोस, स्वतः कर.

खांब खालून फूट-दीड फूट कुजलेले निघतील. दोष वाऱ्यापेक्षा गोमूत्राचा आणि ओलीचा. टोकदार आर लाकडात टोचून बघ. सहज शिरली तिथपर्यंत काप, वरचं लाकूड सहसा धड असतं. कमी पडलेली उंची तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, उंच करून भरून काढ. तुळयांची भिंतीत गेलेली टोकंही तपास, वाळवी तिथंच लपते. लाकूड सावलीत, विटांवर, मध्ये पट्ट्या घालून रच. उन्हात तडे जातात.

भिजलेला कडबा दाबून गंजी लावू नकोस, आतून तापतो. पसरून वाळव. बुरशी धरलेला जनावरांपुढं टाकायचा नाही, खड्ड्यात घाल.

छपराची छावणी मिरगाच्या आत व्हायला हवी. वासे तुळईला नुसत्या खिळ्यांवर ठेवू नकोस, लोखंडी पट्टीनं बांध. वारा वळचणीखालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. कौलं एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटाला, दीडशे धर. नवी आणायला जाताना जुनं एक पिशवीत घालून ने, कारण दुसऱ्या कारखान्याचं कौल जुन्याच्या खाचेत बसेलच असं नाही.

तुझा,
जुना सोबती