आजी, वर कोण चालतंय?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

हाती मोबाइल असताना आई कागद कशाला खराब करते, असं तुला वाटेल. पण फोनवर तू दोन मिनिटं हो-हो म्हणतोस, आणि तुझे बाबा शेजारीच बसून सगळं ऐकत असतात. यातलं थोडं त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

दिवाळीत तुम्ही भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी निघालात. तिकीट पुढचं होतं, हे मला ठाऊक आहे. छकुली मध्यरात्री माझ्या गोधडीत शिरली आणि म्हणाली, "आजी, वर कोण चालतंय?" मी म्हटलं, मांजर. ती गप्प राहिली. मांजर इतकं जड चालत नाही, हे पाच वर्षांच्या लेकरालाही कळतं. तू स्वतः काय पाहिलंस ते मला सांगितलं नाहीस, पण सूनबाईने नंतर फोनवर सांगितलं. रात्री तू ओसरीवर आलास, "कोण आहे?" म्हणून विचारलंस, आणि रिकामी बंगई, ओसरीवरचा आपला झोपाळा, हलत होती. पुण्याला गेल्यावर तू कॅमेरा लावून देतो म्हणालास. पुढच्या आठवड्यात थेट घर विकायचंच काढलंस.

बत्तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली रे मी. मग हेही रजिस्टर सुरू केलं. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडते, त्याच्यावरच लाल पेनाने आवाज लिहायला लागले. किती वाजता, कुठून, कसा. आता पौष लागला. सांगण्याजोगं बरंच जमलं आहे.

सगळ्यात आधी टिनाचा छडा लागला. पुढच्या दोन खोल्यांवरचे कवेलू काढून टिन टाकले तेव्हापासूनचा तो "टण्ण" आवाज. कुणी वरून गोटा हाणल्यासारखा. माझ्या नोंदींत तो बहुतेक संध्याकाळी सहा ते नऊच्या मधे होता, आणि सकाळी ऊन वर आल्यावर पुन्हा. तीन दिवस आभाळ होतं, त्या तिन्ही दिवशी एकदाही नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं तर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेबच करून दिला. बारा फुटी पत्रा दुपारच्या उन्हात पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापतो, रात्री दहा-बारा अंशांवर येतो, तेवढ्यात तो जवळजवळ दोन मिलिमीटर आखडतो. हुकांनी आवळलेला असल्यामुळे हळूहळू आखडू शकत नाही. ताण साचतो आणि एकदम सुटतो. 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला होता, आठवतं? तेव्हा आपल्या छपरावर रोज संध्याकाळी फटाके फुटत होते. पण तेव्हा घरात पाहुणे नव्हते, म्हणून भूतही नव्हतं.

न्हाणीतली गुडगुड म्हणजे नळाच्या रिकाम्या पाइपातली हवा. तिच्यावर जास्त शाई घालवत नाही.

आता छकुलीचं "वर कोण चालतंय". कॅलेंडरवर तो आवाज एक चाळीसला, कधी दोनला, आणि नेहमी मागच्या खोलीच्या कवेलूवर. आधी धप्प, मग पाच-सहा पावलं, मग थांबणं. चार रात्री बॅटरी घेऊन अंगणात उभी राहिले, चौथ्या रात्री दिसला. मसन्याउद. मांजरापेक्षा लांबट, अंगाने राखाडी-काळा, तोंडावर काळं फडकं बांधल्यासारखा, आणि शेपूट जवळजवळ अंगाएवढं. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले, पण पळाला नाही. माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मीच त्याच्या घरी रात्री-बेरात्री आले आहे. सकाळी शिडी लावून पाहिलं. कोपऱ्यातल्या कवेलूवर त्याची विष्ठा होती, आणि तिच्यात सीताफळाच्या काळ्या कुळकुळीत बिया, जशाच्या तशा, धुऊन ठेवल्यासारख्या. म्हणजे दिवाळीत साहेब आपल्या मागच्या सीताफळावर ताव मारून कवेलूवरून घरी जात होते. आता बोरांवर आहे. मसणातली मढी उकरतो म्हणून लोकांनी त्याचं नाव असं पाडून ठेवलं. खातो फळं, किडे आणि उंदीर. शेजारचा पोरगा तारेचा फास लावायला निघाला होता. त्याला सांगितलं, 1972 चा वन्यजीवांचा कायदा आहे, तुझ्या बापाला फॉरेस्टवाल्यांचे हेलपाटे पडतील. बापाचं नाव काढलं तेव्हा तार गुंडाळली.

कापसाच्या खोलीमागचं घोरणं मात्र मलाही भ्यायला लावून गेलं. तिसऱ्या वेच्याचा कापूस भाव येईपर्यंत घरातच आहे, छतापर्यंत. त्यामागच्या जुन्या कोठ्यात आता जनावरं नाहीत. तिथून रात्रभर "ख्श्श... ख्श्श", म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ दाटावा तसं. समोरच्या काकू म्हणाल्या, "बाई, हे साधं नोय. बाहेरचं हाय. काळी कोंबडी उतरून टाका अमुशेले." त्यांनी माणूससुद्धा ठरवून टाकला, आणि तो पाच हजार म्हणाला. मी म्हटलं, आधी कोठा झाडून घेते, मग कोंबडीचं पाहू.

झाडताना छताच्या मयालाखाली, त्या आडव्या तुळईखाली, अंगठ्याएवढे करडे गोळे सापडले, वाळलेले. एक गोळा कागदावर घेऊन आगपेटीच्या काडीने उकलला. बाहेरून उंदराचे केस, दाबून बसवलेले. आत बारीक हाडं, आणि मधोमध एक कवटी, चिंचोक्याहून थोडी मोठी. पुढचे दोन दात पिवळट-नारिंगी, अजून धारदार. मान वर केली तर मयालाच्या बेचक्यात पांढऱ्या तोंडाची तीन पिल्लं माझ्यावर फुसफुसत होती. गव्हाणी घुबडाची. आईबाप उंदीर आणेपर्यंत ती रात्रभर तशीच ओरडतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस गोळी करून ओकून टाकतं, ते हे गोळे. सरकीसाठी कापसात उंदीर आले, उंदरांसाठी घुबड आलं. आपणच बोलावलेलं आहे सगळं.

काकूंना ती कवटी दाखवली. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, घुबड तर आणखीनच वाईट. बोलून उपयोग नव्हता. पण पाच हजारवाला माणूस परत आला नाही, कारण तुझ्या बाबांनी त्याला फाट्यावर गाठून 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा ऐकवला. माझे आजोबा गाडगेबाबांच्या कीर्तनाला कोसन् कोस चालत जायचे. गाडगेबाबा समोरच्या माणसाला प्रश्न विचारून विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे, असं ते सांगत. मला तेवढं जमत नाही. मी आपली काडी घेऊन गोळा उकलते.

आता बंगई.

कॅलेंडरवर ती सगळ्यात जास्त वेळा आहे. दोनच्या पुढे, किर्र... किर्र, पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. तुझे आजोबा तिच्यावरच बसायचे, म्हणून गावात कुणालाही विचार, उत्तर तयार आहे. खोटं कशाला सांगू, दोन रात्री मीही गोधडीत पडून मामंजी आले असंच समजत होते. डोक्यावरून पदर घेतला होता, झोपल्या जागी. तिसऱ्या रात्री उठले. दार आवाज न करता उघडलं.

तुझे बाबा बसले होते. अंगावर शाल, मांडीवर बॅटरी, पायांत वावरातले बूट. नजर भिंतीवरच्या त्या तीन दिव्यांवर, मोटारीची लाइन आली की लागायचे ना, ते.

तू लहान होतास तेव्हापासूनचं आहे हे. शेतीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की दोनला उठायचं, दिवे पाहायचे, वावरात जाऊन हरभऱ्याला पाणी धरायचं, तिथूनच रोह्यांना आणि डुकरांना हाकायचं. तू झोपेत असायचास. मागच्या वर्षी सौर पंप बसला. आता पाणी दिवसाच होतं, तेही दुसराच पोरगा धरतो. गुडघ्यांमुळे ते पुढच्या खोलीत निजतात, म्हणून मला इतके दिवस कळलं नाही. अंग अजून दोनलाच उठतं.

मी विचारलं, "काय पाहून रायले?"

"काही नाही. लाइन आली का पाहतो." बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. बूट काढून हातात घेतले आणि म्हणाले, "पोराले सांगू नको."

दिवाळीत त्यांनी तुझ्या दाराची कडी ऐकली आणि घाईने उठून न्हाणीत गेले. तू विचारलंस तेव्हा ते आडोशाला उभे होते. सकाळी चहाच्या वेळी "वारा असेल" म्हणाले, ते तुला आठवत असेल.

ते तीन दिवे काढून टाकू म्हटलं तर नको म्हणतात. कड्यांना तेल घालायचं तू सुचवशील, तर ते मलाच नको आहे. आवाज आला की ते उठले हे मला कळतं, आणि बंद झाला की निजले हेही.

घर विकायचं बोलणं फोनवर पुन्हा काढू नकोस. काढायचंच असेल तर इथे येऊन काढ. संक्रांतीला सुट्टी मिळाली तर या, तुरीचे सोले भरपूर आहेत. छकुलीला सांग, उंदराची कवटी आगपेटीत ठेवली आहे. पिल्लंही तोवर कोठ्यातच असतील. रात्री बंगई वाजली तर बाहेर ये, पण कोण आहे म्हणून विचारू नको. बाजूला जागा असते.

तुझी,
आई