वायूच्या वाहिनीत आपल्या कारखान्यांचाही वायू यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशाच्या ऊर्जावापरातील नैसर्गिक वायूचा वाटा सुमारे ६ टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. दुसरीकडे, २०७० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जन गाठण्याची घोषणा भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत केली. आज जमिनीत पुरलेली वाहिनी तीस-चाळीस वर्षे वापरात राहणार असल्याने, तिच्यातून पुढे काय वाहणार हे आताच ठरवायला हवे.

वायूचा उपयोग मी नाकारत नाही. वीजनिर्मितीत कोळशाच्या तुलनेत त्यातून साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या भट्टीत वायू आला की काजळी जाते आणि तापमान नेमके राखता येते, त्यामुळे मिरज-कुपवाडच्या उद्योगांना तो हवासा वाटणे स्वाभाविक आहे. स्वयंपाकघरात मात्र सिलिंडरऐवजी नळाचा वायू आल्याने सोय होते, कार्बनची बचत अगदी थोडी.

खरी अडचण गळतीची आहे. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. विहिरीपासून ग्राहकापर्यंत तीनेक टक्के वायू जरी हवेत निसटला, तरी कोळशाऐवजी तो वापरण्याचा नजीकच्या काळातला फायदा जवळजवळ संपतो. शिवाय देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा आयात होतो. युक्रेन युद्धानंतर, २०२२ मध्ये, त्याचे भाव कसे भडकले हे उद्योजक विसरलेले नसतील.

या दोन्ही अडचणींवरचा काही अंशी उपाय आपल्या साखर कारखान्यांच्या आवारातच पडून आहे. गाळप हंगामात रस गाळून उरणारा काळपट, ओलसर प्रेसमड ढिगाने साठतो, आतून तापतो, वाफाळतो आणि कुजताना मिथेन उघड्यावर सोडतो. शंभर टन उसामागे तो तीन-चार टन निघतो, आणि साधारण पंचवीस टनांपासून एक टन शुद्ध केलेला बायोगॅस मिळतो. म्हणजे रोज पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यातून दिवसाला सहा ते आठ टन वायू मिळू शकतो. उरलेला गाळ खत म्हणून शेतात परत जातो, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोलाची बाब आहे. प्रेसमड साठवला की त्याचा कस उतरतो हे खरे, पण हंगामाबाहेर शेण आणि बाजार समित्यांतील भाजीपाल्याचा कचरा जोडीला घेता येईल.

शहरी वायू वितरणात बायोगॅस मिसळण्याचे बंधन २०२५-२६ साठी १ टक्का असून २०२८-२९ पासून ते ५ टक्क्यांवर जाणार आहे. तरीही परवाना देताना वितरक कंपन्यांना नेमून दिलेली उद्दिष्टे घरगुती जोडण्या, सीएनजी पंप आणि वाहिन्यांच्या लांबीचीच असतात. नियामक मंडळाने त्यांच्याकडून गळतीचे मोजमाप आणि स्थानिक बायोगॅसचा हिस्सा हे दोन आकडे जिल्हावार, दरवर्षी जाहीर करून घ्यावेत. तसेच सांगली आणि साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या गाळप हंगामापूर्वी कारखाने आणि वितरक यांची एकत्र बैठक बोलावून, कोणत्या कारखान्यापासून वाहिनी किती जवळून जाते हे नकाशावर निश्चित करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली